नातीचं गणित, नातीचं विज्ञान आणि आपण आजी-आजोबा



अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या बेने इस्राएल कुटुंबांतली नातवंडं आता शाळा-कॉलेजात आहेत. त्यांचे आईवडील सकाळीच कामावर जातात. दुपारी पिवळी बस दारासमोर थांबते आणि नात उतरते, तेव्हा दार उघडायला बऱ्याच घरांत आपल्यापैकीच कोणीतरी असतं. शाळेत आज काय झालं, कोण काय बोललं, कोणता विषय नकोसा झाला, हे पहिल्यांदा आपल्या कानावर येतं. आईबापांना ते रात्री कळतं, किंवा कळतही नाही. म्हणूनच मुलींच्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या अभ्यासाबद्दल मी आईबापांशी न बोलता आज तुमच्याशी बोलते आहे.

मी मुंबईत वाढले आणि नंतर न्यूयॉर्क परिसरातल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पुष्कळ वर्षं रक्ततपासणीचं काम केलं. आता निवृत्त आहे. शिक्षणतज्ज्ञ वगैरे मी नाही. पण या विषयावर अमेरिकेत बराच अभ्यास झालेला आहे आणि त्यातलं आपल्या उपयोगाचं साध्या भाषेत सांगता येईल असं वाटतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते. मुलींना विज्ञानाची गोडी लावावी लागत नाही. पाच वर्षांची नात दिवसभर 'हे असं का, ते तसं का' करून आपलं डोकं खाते. ती गोडी असतेच. ती पुढे कुठेतरी गळून जाते. ती कुठे गळते आणि आपण ती कशी धरून ठेवू शकतो, एवढाच प्रश्न आहे.

गोडी कधी कमी होते

शास्त्रज्ञाचं चित्र काढा, असं लहान मुलांना सांगून पाहण्याची एक जुनी पद्धत आहे. १९६६ ते १९७७ या वर्षांत अमेरिका, कॅनडा वगैरे देशांतल्या ४,८०७ मुलामुलींकडून अशी चित्रं काढून घेतली होती. त्यांत बाई शास्त्रज्ञ असलेली चित्रं निघाली फक्त २८, आणि तीही सगळी मुलींनीच काढलेली. पुढे काळ बदलला. २०१८ साली अमेरिकेतल्या अशा पन्नास वर्षांच्या चित्रांचा एकत्र हिशेब झाला, तेव्हा बाई शास्त्रज्ञांची संख्या चांगलीच वाढलेली दिसली. हे झालं चांगलं. पण त्याच हिशेबात दुसरीही गोष्ट निघाली. सहा वर्षांच्या मुली ज्या शास्त्रज्ञांची चित्रं काढतात, त्यांत साधारण ३० टक्केच पुरुष असतात. सोळा वर्षांच्या मुलींच्या चित्रांत हेच प्रमाण ७५ टक्क्यांवर जातं.

म्हणजे सहा वर्षांची नात शास्त्रज्ञ म्हटल्यावर स्वतःसारखी कोणीतरी बाई काढते आणि दहा वर्षांनी तीच मुलगी पांढरा कोट घातलेला बाप्या काढते. मधल्या दहा वर्षांत तिला कोणी समोर बसवून 'हे तुझं काम नाही' असं सांगितलेलं नसतं. ती बघून बघून शिकते.

काय बघते? कॅलिफोर्नियातल्या मुलांच्या एका म्युझियममध्ये आईबाप आपल्या मुलांबरोबर विज्ञानाची खेळणी-यंत्रं हाताळताना काय बोलतात, याची नोंद करण्यात आली. तो अभ्यास २००१ साली छापला गेला. मुलगे आणि मुली दोघंही सारख्याच उत्साहानं बटणं दाबत होते. पण 'हे असं का होतं' हे समजावून सांगण्याचं काम आईबापांनी मुलींपेक्षा मुलग्यांच्या बाबतीत तिपटीनं जास्त केलं. ते मुद्दाम करत नव्हते. त्यातल्या बऱ्याच मुलांचं वय जेमतेम एक ते आठ वर्षं होतं!

दुसरा अभ्यास २०१० सालचा, पहिली-दुसरीच्या वर्गांतला. ज्या बाईंना स्वतःलाच गणिताची धास्ती होती, त्यांच्या वर्गातल्या मुलींवर वर्षाअखेर परिणाम दिसला. 'गणित हे मुलग्यांचं' असं त्यांतल्या जास्त मुली मानू लागल्या आणि अशा मुलींचे गणितातले गुणही कमी आले. मुलग्यांवर तसा परिणाम झाला नाही. मुलगी बाईकडे बघून शिकते. म्हणून घरात आजी किंवा आई जेव्हा हसत हसत म्हणते, 'गणित आमच्या घराण्यातच नाही गं', तेव्हा नात ते नुसतं ऐकत नाही, ते घराण्याबरोबर आपल्यालाही लागू करून घेते.

कॉम्प्युटर कुणाच्या खोलीत?

मुलींचं डोकंच यात चालत नाही, असं मानणारी माणसं अजून आहेत. त्यांच्यासाठी दोन आकडे देते. १९८४ साली अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्सची पदवी घेणाऱ्यांत ३७ टक्के मुली होत्या. २०१० च्या सुमारास हे प्रमाण १८ टक्क्यांवर आलं. पंचवीस वर्षांत मुलींची बुद्धी निम्मी झाली असं तर कोणी म्हणणार नाही. त्याच काळात डॉक्टरकीकडे मुली वाढत गेल्या आणि आज अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांत प्रवेश घेणाऱ्यांत निम्म्याहून जास्त मुली आहेत. तिथेही फिजिक्स-केमिस्ट्री करावंच लागतं.

मग कॉम्प्युटरमध्येच असं का झालं? १९८० नंतर घरोघरी कॉम्प्युटर आले. जाहिरातींत ते मुलग्यांचं खेळणं म्हणून दाखवले गेले. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर या दोघांनी तिथल्या विद्यार्थ्यांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या, तेव्हा घराघरांतली एक साधी गोष्ट पुढे आली. घरातला कॉम्प्युटर पुष्कळदा भावाच्या खोलीत ठेवलेला असायचा. बहिणीला तो वापरायला मनाई नव्हती, पण तो भावाचा होता. कॉलेजात आल्यावर मुलगे आधीच चार-पाच वर्षं हात बसलेले आणि मुली पहिल्यांदा बसलेल्या. पहिल्याच आठवड्यात मुलींना वाटायचं की आपल्याला जमत नाही. खरं तर जमत नव्हतं असं नाही, सुरुवात उशिरा झाली होती.

या विद्यापीठानं मग नव्यानं शिकणाऱ्यांसाठी वेगळे सुरुवातीचे वर्ग काढले आणि आधीचा अनुभव नसलेल्या हुशार मुलामुलींनाही प्रवेश द्यायला सुरुवात केली. १९९५ साली तिथे कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला मुली होत्या ७ टक्के. २००० साली झाल्या ४२ टक्के. पाच वर्षांत मुली बदलल्या नाहीत, व्यवस्था बदलली.

ब्रॉन्क्सच्या दोन मुली

आता दोन बायकांची गोष्ट सांगते. दोघी न्यूयॉर्कच्या, दोघी बाहेरून आलेल्या ज्यू कुटुंबांतल्या. दोघी ब्रॉन्क्समधल्या वॉल्टन हायस्कूल या मुलींच्या सरकारी शाळेत शिकल्या आणि पुढे दोघी हंटर कॉलेजात गेल्या. हंटर हेही तेव्हा मुलींचंच कॉलेज होतं आणि तिथे फी नव्हती. तुमच्यापैकी अनेकांच्या गोळ्यांच्या डब्यात किंवा लॅबच्या रिपोर्टात या दोघींचं काम आजही असतं.

पहिली गर्ट्रूड एलियन, जन्म १९१८. वडील लिथुएनियातून आलेले दातांचे डॉक्टर. १९२९ च्या मंदीत घरचा पैसा बुडाला. या मुलीचा सगळ्यात मोठा सोबती म्हणजे तिचे आजोबा. ती तीन वर्षांची असताना ते अमेरिकेत आले. धंद्यानं घड्याळजी, धर्मग्रंथांचे अभ्यासू. दोघं यिडिशमध्ये बोलायचे, ते तिला गोष्टी सांगायचे. ती पंधरा वर्षांची असताना आजोबा पोटाच्या कॅन्सरनं गेले. त्यांचे ते हाल पाहून तिनं ठरवलं की या रोगावर काही करायचं आणि कॉलेजात केमिस्ट्री घेतली.

१९३७ साली ती उत्तम गुणांनी पास झाली, पण लॅबमध्ये नोकरी मिळेना. एका ठिकाणी तर सांगण्यात आलं की बाई आली तर लॅबमधल्या पुरुषांचं लक्ष विचलित होईल. तिनं सेक्रेटरीचा कोर्स केला, शाळेत शिकवलं, एका लॅबमध्ये आधी बिनपगारी काम केलं. १९४४ साली बरोज वेलकम कंपनीत जॉर्ज हिचिंग्ज यांच्या हाताखाली तिला जागा मिळाली. पुढे तिथे काय निघालं ते बघा. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवरचं औषध, किडनी बदलल्यावर शरीरानं ती नाकारू नये म्हणून देतात ते औषध, गाऊटसाठी ॲलोप्युरिनॉल आणि नागीण झाल्यावर देतात ते ॲसायक्लोविर. आपल्याकडे मिळणारी झायलोरिकची गोळी ती हीच ॲलोप्युरिनॉल. १९८८ साली हिचिंग्ज यांच्याबरोबर तिला नोबेल पारितोषिक मिळालं. पीएच.डी. तिची कधीच पुरी झाली नव्हती.

दुसरी रोझलिन यॅलो, माहेरची ससमन, जन्म १९२१. आईवडील दोघांचंही हायस्कूल पुरं झालेलं नव्हतं. वडिलांचा कागद आणि सुतळीचा छोटासा धंदा. शाळेत केमिस्ट्रीच्या सरांनी तिला गोडी लावली, कॉलेजात ती फिजिक्सकडे वळली. घरच्यांचं म्हणणं मात्र सरळ होतं: मुलीनं प्राथमिक शाळेत मास्तरीण व्हावं, पगार नक्की, नोकरी पक्की. हे म्हणणं आपल्याला किती ओळखीचं आहे! मुंबईत आपल्याही किती तरी मुली शिक्षिका, नर्स आणि टायपिस्ट झाल्या आणि त्यांनी घरं उभी केली. त्या कामांना मी कधीच कमी लेखणार नाही. प्रश्न एवढाच की ज्या मुलीला त्यापलीकडे जायचं असेल, तिच्यासाठी दार उघडं आहे का.

रोझलिननं हट्ट सोडला नाही. तिला आधी कोलंबिया विद्यापीठातल्या एका शास्त्रज्ञाची सेक्रेटरी म्हणून काम देऊ करण्यात आलं, तेही शॉर्टहँड शिकण्याच्या अटीवर. एवढ्यात इलिनॉय विद्यापीठातून बोलावणं आलं. तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या चारशे शिक्षकांत आणि सहायकांत ती एकटी बाई होती. पुढे ब्रॉन्क्समधल्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात डॉ. सॉलोमन बर्सन यांच्याबरोबर तिनं रेडिओइम्युनोॲसे ही तपासणीची पद्धत काढली.

मी स्वतः लॅबमध्ये हीच पद्धत वापरली आहे, म्हणून ती थोडक्यात सांगते. इन्सुलिन किंवा थायरॉइडचे हार्मोन रक्तात इतके कणभर असतात की वजन करून ते मोजता येत नाहीत. मग काय करायचं? लोकलच्या डब्याची कल्पना करा. डब्यात बसायच्या जागा ठरलेल्या. आपण लाल टोपी घातलेले मोजके प्रवासी मुद्दाम फलाटावर आणतो. बिनटोपीचे प्रवासी किती आहेत ते आपल्याला माहीत नाही. सगळे एकदम डब्यात घुसतात. शेवटी बसलेल्यांत लाल टोप्या किती, एवढंच मोजायचं. लाल टोप्या कमी दिसल्या तर समजायचं की बिनटोपीचे खूप होते. इथे जागा म्हणजे अँटिबॉडी, बिनटोपीचे प्रवासी म्हणजे रक्तातला हार्मोन आणि लाल टोपी म्हणजे किरणोत्सर्गी खूण. आता किरणोत्सर्गी खुणेऐवजी दुसऱ्या खुणा वापरतात, पण थायरॉइडच्या रिपोर्टवरचा तो टीएसएचचा आकडा याच विचारातून येतो.

या संशोधनाच्या सुरुवातीचा लेख एका नामवंत मासिकानं परत केला होता. ते नकाराचं पत्र यॅलो यांनी जपून ठेवलं. १९७७ साली त्यांना नोबेल मिळालं. नवरा ॲरन हा रब्बींचा मुलगा, त्यामुळे घरात कोशर स्वयंपाक. दोन मुलं वाढवली आणि लॅबही सांभाळली.

या दोघींच्या घरी विज्ञान कोणालाच येत नव्हतं असं नाही, पण एलियनचे ते आजोबा काही केमिस्ट्री शिकवणारे नव्हते. त्यांनी नातीला वेळ दिला आणि तिच्याशी बोलले. बाकीचं काम शाळेनं केलं. मुलींच्या शाळेत आणि मुलींच्या कॉलेजात फिजिक्सच्या वर्गात मुलगी का बसली आहे, असं कोणी विचारत नव्हतं. तिथे बसलेल्या सगळ्या मुलीच होत्या.

आपल्यातलं उदाहरण

असं उदाहरण शोधायला ब्रॉन्क्सलाच जायला हवं असंही नाही. आपल्या समाजातल्या डॉ. जेरुशा झिराड यांचं नाव तुमच्या पिढीला सांगायला नको. १८९० चा जन्म. बहिणीच्या गंभीर आजारात मुंबईच्या कामा हॉस्पिटलमधल्या स्त्री डॉक्टरनं केलेले उपचार पाहून त्यांनी लहानपणीच डॉक्टर व्हायचं ठरवलं. ग्रँट मेडिकल कॉलेज, पुढे लंडनला एम.डी., आणि मग त्याच कामा हॉस्पिटलच्या प्रमुख. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्यापैकी कित्येकांचा जन्म कामामध्येच झालेला असेल.

एका स्त्री डॉक्टरला एका लहान मुलीनं काम करताना पाहिलं, एवढ्यावर हे सुरू झालं. अमेरिकेत वाढणाऱ्या आपल्या नातींना मारी क्यूरीचं नाव शाळेत कळतं. जेरुशा झिराड यांचं नाव त्यांना शाळा सांगणार नाही. ते आपणच सांगायचं.

आठवीतला अल्जिब्रा

आता एक गोष्ट अशी सांगते की जी भारतात शिकलेल्या आजी-आजोबांच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे दहावीपर्यंत सगळ्यांना एकच गणित. अमेरिकेत तसं नाही. बऱ्याच गावांतल्या शाळांत सहावी-सातवीच्या सुमारासच गणिताचे गट पडतात. पुढच्या गटातली मुलगी आठवीत अल्जिब्रा शिकते, नववीत भूमिती, दहावीत पुढचा अल्जिब्रा, अकरावीत प्रीकॅल्क्युलस आणि बारावीत कॅल्क्युलस. जी मुलगी अल्जिब्रा नववीत सुरू करते, ती सरळ चालत गेली तर बारावीत प्रीकॅल्क्युलसपर्यंतच पोचते. इंजिनिअरिंग किंवा फिजिक्सला जायचं तर चांगली कॉलेजं बारावीचं कॅल्क्युलस बघतात. मधे उन्हाळी वर्ग करून किंवा एका वर्षी दोन गणितं घेऊन ती गाठता येते, पण त्याला जास्तीचे कष्ट लागतात.

म्हणजे बारा वर्षांच्या मुलीनं 'मला तो पुढचा गट नको, माझ्या मैत्रिणी दुसऱ्या वर्गात आहेत' असं म्हटलं, तर त्या एका वाक्याचा परिणाम सतराव्या वर्षापर्यंत जातो. आणि हे वाक्य ती पहिल्यांदा कोणापुढे बोलते? बहुतेक वेळा दुपारचं खाणं देणाऱ्या आजीपुढे. त्या वेळी 'जाऊ दे गं, डोक्याला ताप कशाला' एवढं बोलून विषय मिटवू नका. गणित अवघड वाटतं आहे की वर्गात एकटं वाटतं आहे, हे विचारा. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. गणित अवघड वाटत असेल तर शिकवणी मिळते, शाळेत जास्तीची मदतही असते. एकटं वाटत असेल तर एका मैत्रिणीला त्याच गटात बरोबर घेता येतं का ते पाहावं. आणि संध्याकाळी तिच्या आईबापांच्या कानावर घाला. गट ठरला तरी आईबाप शाळेच्या काऊन्सेलरला भेटून फेरविचार करायला सांगू शकतात.

घरी काय करता येईल

विज्ञान आपल्याला येत नाही, मग आपण काय शिकवणार, असं पुष्कळ जण म्हणतात. शिकवायला नकोच. पुढच्या काही गोष्टी पाहा.

पहिली गोष्ट, तिलाच समजावून सांगायला लावा. 'आज सायन्समध्ये काय झालं, मला सांग, मला इंग्रजीतलं सगळं कळत नाही' असं म्हणा. मराठी-इंग्रजी मिसळून आजीला समजेल असं सांगताना तिचं स्वतःचं पक्कं होतं. आपलं इंग्रजी कच्चं असणं इथे कामाला येतं.

दुसरी, स्वयंपाकघर. किद्दुशसाठी काळ्या मनुका भिजवून आपण सरबत करतो. नातीला विचारा, सुकलेली मनुका फुगते कशी? एका वाटीत साधं पाणी घ्या, दुसरीत साखरेचा थंड झालेला घट्ट पाक. दोन्हींत दहा-दहा मनुका टाका. आधी आणि दुसऱ्या दिवशी तिला त्या काट्यावर तोलू द्या आणि वहीत लिहू द्या. पाण्यातली मनुका फुगते, पाकातली तशी फुगत नाही. कारण सालीतून पाणी कमी गोडाकडून जास्त गोडाकडे जातं. शाळेत याला ऑस्मोसिस म्हणतात. रोश हशानाला गव्हाचा चीक काढून हलवा आटवताना तो घट्ट का होतो, सांदणाचं पीठ का फुगतं, हेही असेच प्रश्न आहेत. उत्तर आपल्याला माहीत नसलं तर 'बघू या' म्हणायचं आणि दोघींनी मिळून शोधायचं.

तिसरी, पंचांग. हा खास आजोबांचा विषय. चंद्राचे बारा महिने म्हणजे ३५४ दिवस, सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. दर वर्षी अकरा दिवसांचा फरक. एकोणीस वर्षांत हे दिवस होतात २०९, म्हणजे साधारण सात महिने. म्हणून इब्री पंचांगात एकोणीस वर्षांत सात वेळा अदार महिना दोनदा येतो. आपल्या मराठी शेजाऱ्यांच्या पंचांगातला अधिक मास याच कारणानं येतो. आता नातीला कोडं घाला. इब्री वर्षाला १९ नं भागायचं. बाकी ३, ६, ८, ११, १४, १७ किंवा शून्य आली तर ते तेरा महिन्यांचं वर्ष. ५७८४ घ्या: बाकी ८, म्हणजे दोन अदार. ५७८६ घ्या: बाकी १०, म्हणजे एकच. ५७८७ चं तिला करू द्या.

चौथी, शाबासकी कशाची द्यायची. 'किती हुशार आहेस गं' असं आपण प्रेमानं म्हणतो. पण मुलांवर झालेल्या प्रयोगांत असं दिसलं की ज्यांची हुशारीबद्दल स्तुती झाली ती मुलं पुढे अवघड गणित टाळू लागली, कारण चुकलं तर हुशारी जाईल ही भीती. ज्यांच्या मेहनतीची स्तुती झाली ती अवघड गणिताला हात घालू लागली. तेव्हा 'तीनदा चुकूनही तू सोडलं नाहीस' असं म्हणावं.

पाचवी, गाडी आणि वेळ. रोबोटिक्सचा क्लब, कोडिंगचा क्लब हे शाळा सुटल्यावर असतात आणि बस निघून गेलेली असते. न्यायला कोणी नाही म्हणून कितीतरी मुली अशा क्लबात जात नाहीत. गाडी चालवणारे आजोबा असतील तर हा प्रश्न सुटतो. १९८९ साली स्थापन झालेली फर्स्ट ही संस्था शाळकरी मुलांच्या रोबोटच्या स्पर्धा घेते, लहानांसाठी लेगोचे रोबोट असतात. गर्ल्स हू कोड ही संस्था २०१२ साली रेश्मा सौजानी यांनी न्यूयॉर्कला खास मुलींसाठी सुरू केली. तिचे क्लब पुष्कळ शाळांत आणि लायब्ररींत चालतात. त्यांत मुलींना पैसे द्यावे लागत नाहीत.

क्लबात नाव घातलं की काम संपलं असं मात्र नाही. माझ्या नात्यातली एक मुलगी न्यू जर्सीतल्या एका शाळेच्या रोबोटच्या टीममध्ये होती. महिन्याभरानं ती म्हणाली, मला सोडायचं आहे. तिच्या आजोबांनी विचारलं, 'रोबोटचा कुठला भाग तू केलास?' ती म्हणाली, 'मी पोस्टर रंगवते.' टीममध्ये दोनच मुली, अक्षर चांगलं म्हणून दोघींना पोस्टर आणि वही दिलेली, आणि रोबोटला हात मुलग्यांचा. आजोबांनी रागावून शाळेत जायचं टाळलं. त्यांनी तिला कोचला एवढंच विचारायला सांगितलं की कामं आळीपाळीनं देता येतील का. तसं झालं. ती काही रोबोटची चॅम्पियन झाली नाही, पण त्या वर्षी तिनं टीम सोडली नाही. 'तू कुठला भाग केलास' हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. तो आपण सगळ्यांनी पाठ करावा.

शनिवारचा प्रश्न

आपल्या घरांत आणखी एक अडचण येते. या स्पर्धा पुष्कळदा शनिवारी असतात. शब्बाथ पाळणाऱ्या घरात मग मुलीला सांगितलं जातं की तू त्यात पडूच नकोस. किती पाळायचं हे ज्या त्या घरानं ठरवावं, त्यात मी पडत नाही. पण शनिवारचा एक दिवस जमत नाही म्हणून बाकीचे सगळे दिवस सोडू नयेत. रोबोट बांधणं आणि त्याचं प्रोग्रामिंग ही कामं महिनोन्महिने आठवड्याच्या दिवसांत चालतात. वर्षाच्या सुरुवातीलाच कोचला स्पष्ट सांगावं की ही मुलगी शनिवारी येणार नाही, बाकी पूर्ण काम करेल. रविवारची फेरी आहे का, तेही विचारावं. आधी सांगितलं की शाळा बहुधा समजून घेतात. आदल्या दिवशी सांगितलं तर टीमची पंचाईत होते.

पेसाहच्या सेडरला घरातलं सगळ्यात लहान मूल प्रश्न विचारतं आणि मोठ्यांना उत्तर द्यावं लागतं. ते मूल मुलगी असली तरी आपण तिला गप्प बसवत नाही. तीच रीत वर्षभर चालवायची आहे.

शेवटी एक कामाची तारीख. बहुतेक शाळांत पुढच्या वर्षीचे विषय निवडायचा कागद हिवाळ्यात, जानेवारी ते मार्चच्या दरम्यान घरी येतो किंवा आईबापांच्या ईमेलवर येतो. तुमची नात सहावी ते अकरावीत असेल तर त्या दिवसांत तिला विचारा, 'पुढच्या वर्षी कुठलं गणित घेतेस, आणि सायन्स कुठलं?' ती काय सांगते ते पूर्ण ऐकून घ्या. सही आईबापांनाच करायची आहे, पण त्या आधीचं बोलणं आपल्याशी होऊन जाऊ द्या.